आठवडी बाजाराला जागा कोण देणार?

प्रतिनिधी, बुलडाणा

बुलडाणा जिल्ह्यातील खेड्यांत उधारीची मुदत विचारली, तर पुष्कळदा तारीख सांगितली जात नाही. ‘येत्या बाजारी देतो’ एवढेच उत्तर मिळते आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ते पुरते. लेकीला निरोप धाडायचा, विळा-खुरप्याला धार लावायची, दवाखान्यात दाखवायचे, बियाण्याचा भाव काढायचा, ही सारी कामे बाजाराच्या दिवसासाठी राखून ठेवलेली असतात. त्याच दिवशी तालुक्याच्या गावी मोटार घेऊन निघालेल्या माणसाला मात्र आठवडी बाजार म्हणजे तुंबलेला रस्ता, चिखल आणि संध्याकाळी मागे उरणारा कचरा एवढाच दिसतो. पालिकेच्या दप्तरात तो प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतो. उत्पन्नाच्या बाजूला बाजार फी म्हणून आणि तक्रारींच्या बाजूला अतिक्रमण म्हणून. शहरांचे रस्ते रुंद होत आहेत, मोकळ्या जागांवर व्यापारी संकुले उभी राहत आहेत. अशा वेळी शतकानुशतकांच्या वहिवाटीने भरणारा हा बाजार नेमका कोणाच्या जागेवर आणि कोणत्या हक्काने बसतो, हा प्रश्न फार काळ टाळता येण्यासारखा नाही.

‘वेट मार्केट’ हा शब्द बहुसंख्य मराठी वाचकांच्या कानावर पडला तो २०२० च्या आरंभी. करोनाच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी अनेकांचा संबंध चीनमधील वुहान शहरातल्या हुआनान बाजाराशी आढळला आणि या शब्दाला जगभर काळिमा लागला. वास्तविक सिंगापूर, हाँगकाँगसारख्या शहरांत साध्या मंडईला हेच नाव आहे. मासळीवरचा वितळणारा बर्फ, भाजीवर शिंपडलेले पाणी आणि वरचेवर धुतली जाणारी फरशी यांमुळे जेथील जमीन ओली राहते तो ओला बाजार, किराणा-कापडाचा तो कोरडा. या अर्थाने आपली प्रत्येक मंडई ओलीच म्हटली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२१ मध्ये जे आवाहन केले, ते पारंपरिक बाजारांतील जिवंत वन्य सस्तन प्राण्यांची विक्री थांबवण्यापुरते होते. बाजारच बंद करावेत, असे त्यात नव्हते. मोठ्या लोकसंख्येचे अन्न आणि उपजीविका या बाजारांवर अवलंबून आहे, हे संघटनेने त्याच वेळी मान्य केले होते. भारतात वन्य प्राण्यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच निषिद्ध आहे.

बुलडाण्याकडच्या बाजाराचा ओलेपणा भाजीचा, मासळीचा आणि मटणाच्या गाळ्यांचा. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे ताजी मासळी म्हणजे मुख्यतः धरणांतली. मोताळा तालुक्यातील नळगंगा, मेहकर तालुक्यातील पेनटाकळी आणि देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा यांसारख्या जलाशयांमुळे रोहू, कटला, मृगळ हे मासे कोरडवाहू भागातल्या माणसाच्या ताटात आले. समुद्राची आठवण राहते ती सुकट आणि बोंबलाच्या वाट्यांपुरती.

घाटावर आणि घाटाखाली

येथे आठवडी बाजार इतका का रुजला, याचे उत्तर जिल्ह्याच्या नकाशात आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे ढोबळमानाने दोन भाग केले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके घाटावर मोडतात. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. काळ्या कसदार जमिनीत पावसाच्या भरवशावर कपाशी, तूर, सोयाबीन येते. बारमाही भाजीपाला मात्र त्या पाण्यावर होणे अवघड. उत्तरेला सातपुडा लागला की पुन्हा चित्र पालटते. तेथील आदिवासी पाड्यांतून मोहाची फुले, चारोळी, डिंक आणि पावसाळ्यात रानभाज्या खाली उतरतात. घाटावर विहिरी आणि तलावांच्या आधाराने मिरची, वांगी, मेथी, कोथिंबीर निघते, तर डोंगरउतारावरची सीताफळे दिवाळीच्या आगेमागे टोपल्यांनी बाजारात येतात.

थोडक्यात, एका भागात जे मुबलक ते दुसऱ्यात दुर्मीळ. ही देवघेव रोज करण्याइतकी मागणी एकेका खेड्यात नसते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार असून, तीपैकी जवळपास चार पंचमांश माणसे ग्रामीण भागात राहतात. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात भाजीचे, मासळीचे किंवा बांगड्यांचे दुकान रोज उघडून परवडत नाही. मात्र दहा-पंधरा गावांची आठवड्याभराची गरज एका दिवशी एका ठिकाणी आली, की तेच दुकान चालते. शेजारच्या गावांचे वार निरनिराळे असतात ते यासाठीच. फिरता विक्रेता आज एका गावी पाल ठोकतो, उद्या दुसऱ्या, आणि सातव्या दिवशी फेरी पूर्ण करून पहिल्या जागी परततो. दुकान एक आणि गिऱ्हाईक सात गावांचे. भूगोलाच्या अभ्यासकांनी या रचनेवर ग्रंथ लिहिले आहेत, पण मसाल्याच्या डब्या टेम्पोत रचणाऱ्या व्यापाऱ्याला तिचे गणित मुळातच पाठ असते.

बाजारात बसणाऱ्यांची दोन कुळे आहेत. एक या फिरत्या, व्यवसायाने व्यापारी असलेल्या मंडळींचे. ते हर्राशीतून माल उचलतात, ओट्यावर किंवा पालाखाली ठरलेल्या जागी बसतात आणि त्यांची जागा सहसा कोणी घेत नाही. दुसरे कुळ शेतातून थेट येणाऱ्यांचे, त्यातही स्त्रियांचे. बांधावरची अंबाडी, दोन वाफ्यांतली पालक-मेथी, चार कोंबड्यांची अंडी, पावसाळ्यात कटुर्ली, एवढाच यांचा माल. तो अडत्याकडे नेण्याइतका नसतो आणि नेला तरी अडत, हमाली व भाडे वजा जाता हाती काही उरत नाही. या बाईसाठी आठवडी बाजार ही जवळपास एकमेव पेठ. तेथे मोठे भांडवल लागत नाही, गाळ्याची अनामत रक्कम लागत नाही. धान्याचे रिकामे पोते अंथरले की दुकान सुरू होते. आलेल्या पैशांतून संध्याकाळी तीच बाई तेल, मीठ, चहा-साखर आणि मुलांसाठी शेव-जिलेबी घेऊन परतते. सकाळची विक्रेती संध्याकाळी गिऱ्हाईक झालेली असते. मोठ्या दुकानांच्या अर्थशास्त्रात ही घटना सहसा घडत नाही.

शेतमजुरांचा चुकारा बाजाराच्या दिवशी किंवा आदल्या सांजेला करण्याची रीत याच व्यवस्थेचा भाग आहे. मजुरी हाती पडताच खरेदीची सोय असावी आणि बाजारात माल असताना गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा असावा, अशी ही जुळणी. भावही दिवसभर एक राहत नाही. सकाळी नऊला जी जुडी वीस रुपयांची असते, ती दिवेलागणीला निम्म्यावर येते, कारण ओला माल परत नेऊन उपयोग नसतो. सर्वांत गरीब गिऱ्हाईक शेवटच्या तासाला येते. तराजूऐवजी ‘वाटा’ लावून विकण्याची पद्धतही त्याच्याच सोयीची आहे. दहा रुपयांत जेवढे येईल तेवढे, पाव किलोची अट नाही. वातानुकूलित दालनात उरलेली भाजी सायंकाळी फेकली जाईल किंवा सवलतीची चिठ्ठी लावून ठेवली जाईल, पण दहा रुपयांची मिरची, कढीपत्ता वरून, असा सौदा तेथे होत नाही.

जनावरांचा बाजार हा या व्यवस्थेचा जुना सोबती. उपरण्याखाली बोटे दाबून ठरणारा बैलजोडीचा सौदा अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. ट्रॅक्टर आले, २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली आणि या बाजाराचा रंग ओसरला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कपाशीला कायदा, भाजीला पावती

शेतमालाच्या बाजाराला शिस्त लावण्याचा देशातील आरंभीचा प्रयत्न याच प्रदेशात झाला, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मालकीचा, पण इंग्रजांच्या कारभाराखालचा प्रांत होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे मोल आले. खामगावची कापूसपेठ एवढी भरभराटली, की तिच्यासाठी जलंबपासून खास लोहमार्ग टाकण्यात आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची हद्द, दलालांना व मापाऱ्यांना परवाने, खोट्या वजनमापांना शिक्षा अशा तरतुदी त्याने आणल्या. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ शोधत मागे गेले, तर १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यामागे हा वऱ्हाडी कायदाच उभा दिसतो.

जो माल गिरणीला आणि बंदराला हवा होता, त्याला रेल्वे मिळाली, यार्ड मिळाले, कायदा मिळाला. जो माल शेजारच्या गावातील चुलीवर शिजणार होता, त्याच्या वाट्याला मात्र पाल आणि पावती एवढेच आले. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार पंचायतीला बाजार व आठवडी बाजारावर फी आकारता येते. शहरांत हाच अधिकार नगरपालिकेकडे आहे. अनेक ठिकाणी ही वसुली दरवर्षी लिलावाने ठेकेदाराला दिली जाते. ठेकेदार पालागणिक किंवा टोपलीगणिक पैसे घेऊन पावती फाडतो. फी घेतल्यावर त्या बदल्यात काय द्यायचे, याविषयी बाजारात बसणाऱ्यांचा अनुभव बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. पिण्याचे पाणी असले तर नशीब. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असलेच, तर त्याला कुलूप. मासळी-मटणाच्या बाजूला सांडपाण्याची नाली नसते आणि पाऊस झाला की भाजीच्या ओळीतून तेच पाणी वाहते. रोगराईची भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिचे मूळ न बांधलेल्या नालीत शोधायला हवे. ते सोडून बाजार ‘पारंपरिक’ असण्यालाच दोष दिला जातो.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावे म्हणून त्याच वर्षी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार भरवण्याची मोहीमही सुरू झाली. शहरी ग्राहकांनी तिचे स्वागत केले. खेड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत महानगरात नवी योजना म्हणून अवतरली, याचे कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. फक्त तिला महानगरात मैदान, मंडप आणि प्रसिद्धी मिळाली. खेड्यातील मूळ बाजारासाठी केंद्राच्या २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात देशातील २२ हजार ग्रामीण हाट विकसित करण्याची घोषणा झाली. त्यापूर्वी डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने पाच किलोमीटरच्या टापूत शेतकऱ्याला बाजार मिळावा, असे सुचवले होते. या मोजपट्टीने पाहिले, तर शेतापासून चालत जाण्याच्या अंतरावर जो बाजार आधीच आहे, तो टिकवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

‘वारसा बाजार’ कोणी पाहिला?

पथविक्रेत्यांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये केलेला कायदा या संदर्भात महत्त्वाचा आहे, पण त्याचे वाचन फारसे झालेले नाही. विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जेथे एकत्र येतात त्या जागेला हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, हटवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी झालेल्या दिवशीच परत करणे बंधनकारक आहे. भाजी-मासळीवाल्यांसाठी ही तरतूद फार मोलाची. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींना असून, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांसाठी आहेत. आणि कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आणखी एक वाक्य आहे. ज्या नैसर्गिक बाजारांत पथविक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आहेत ते वारसा बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांना स्थलांतरित करू नये.

या शब्दांच्या कसोटीला जिल्ह्यातील जुन्या शहरांचे आठवडी बाजार उतरतील, याविषयी शंका घेण्यास फारशी जागा नाही. अडचणी वेगळ्याच आहेत. पहिली म्हणजे हा कायदा नागरी भागापुरता आहे. ग्रामपंचायत हद्दीतील बाजार त्याच्या कक्षेबाहेर राहतात, म्हणजे आठवडी बाजारांचा फार मोठा हिस्सा बाहेरच. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याने आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, अशी हमी द्यायची असते. शहरातील हातगाडीवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून ही अट घातली गेली असावी. पण दीड एकराची धनीण असलेली आणि आठवड्यातून एकदा भाजी घेऊन येणारी बाई ही हमी कशी देणार? ती शेतकरी आहे म्हणून पथविक्रेती नाही आणि तिचा माल बाजार समितीच्या दारापर्यंत पोहोचत नाही म्हणून तेथेही तिची गणती नाही. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत तिचे पोते अंथरलेले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून नागरी पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज मिळू लागले आणि नोंदणीला थोडी गती आली, हे खरे. तरीही आठवड्यातून एकदाच दिसणाऱ्या माणसाची नोंद पाहणीत होण्यासाठी पाहणी बाजाराच्या दिवशीच व्हावी लागते.

बाजार नसला तर काय होते, याचा धडा अलीकडच्या काळात तीनदा मिळाला. मार्च २०२० च्या देशव्यापी टाळेबंदीत आठवडी बाजार थांबले आणि काढणीला आलेला भाजीपाला शेतातच राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे पहिले चटके अमरावती विभागाला बसले, तेव्हा येथे निर्बंध पुन्हा कडक झाले. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यभरातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. या प्रत्येक वेळी निर्णयामागे आरोग्याचे कारण होते. किराणा दुकानाचा पर्याय ग्राहकाला कसाबसा मिळाला. विकणाऱ्याला तो नव्हता, आणि घराघरांतून फिरून भाजी विकण्याची वेळ त्या काळात अनेक शेतकऱ्यांवर आली.

बाजार हलवणे हाच मुळी अपराध, असेही मानता येणार नाही. सिंगापूरने १९७० आणि १९८० च्या दशकांत रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पाणी, वीज आणि नाली असलेल्या बांधीव मंडयांत नेले. हे काम १९८६ पर्यंत पूर्ण झाले आणि आज त्या मंडया शहराचे भूषण आहेत. तेथे जागा आधी बांधली गेली, परवडणाऱ्या भाड्याने दिली गेली आणि मग रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो. शिवाय बांधीव मंडईचा खर्च कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्नही जुनाच आहे. पुण्याची मंडई १८८६ मध्ये उघडली, पण तिच्या खर्चाला त्याआधी पालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांचा विरोध होता. तोच पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मंडईला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. मूळ आक्षेप मात्र आजच्या व्यापारी संकुलांनाही लागू पडावा असा आहे. दुमजली इमारतीतील गाळ्याची अनामत रक्कम अंबाडीच्या जुड्या विकून उभी राहत नाही, आणि भाजीची टोपली घेऊन जिना चढणारे गिऱ्हाईकही विरळाच.

बाजाराच्या गरजा प्रत्यक्षात साध्या आहेत. सपाट, मुरूम टाकलेली जागा, उघडे ओटे, मासळी-मटणासाठी वेगळी बाजू आणि तिला नाली, पाण्याचे दोन नळ, न कुलपाचे स्वच्छतागृह, संध्याकाळचा उजेड आणि बसथांब्यापासून फार लांब नसलेले ठिकाण. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महाग, कारण बसथांब्याजवळच्या जमिनीवरच सगळ्यांचा डोळा असतो.

उद्या एखाद्या शहराने आपला बाजार ५० वर्षांहून जुना असल्याचे सिद्ध करायचे ठरवले, तर पुरावा दूर शोधावा लागणार नाही. जेथे वसुलीचे लिलाव झाले, तेथील जुनी दप्तरे पालिकेच्या अभिलेखागारातच असायला हवीत. विक्रेत्यांकडे कागद म्हणावा असा एकच असतो, ठेकेदाराने फाडून दिलेली त्या दिवसाची पावती. पाल सोडून सामान बांधताना ती बहुधा मेथीच्या देठांबरोबर खाली पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोटीत जाते.